तलासरीला नेलेला पट

डहाणूहून तलासरी म्हणजे काही लांबचा प्रवास नाही. सकाळी निघून संध्याकाळच्या चहाला घरी येता येतं. तरी मे महिन्यात निघालात तर पाणी जास्त घ्या आणि गर्दीची जीप सोडून मागची धरा. मी थकूनच निघाले होते, त्यामुळे पहिली मिळाली तिच्यात बसले.

ही २०१७ची गोष्ट. तलासरीजवळच्या पाड्यावरचा दिनेश अंधांच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडसाठी देशाच्या संघात निवडला गेला होता, राखीव म्हणून. या खेळात प्रत्येकाचा पट वेगळा. सोंगटीला खाली खुंटी, घराला भोक, काळी घरं थोडी वर उचललेली. खेळाडू बोटांनी चाचपतो, चाल मोठ्याने सांगतो, समोरचा ती आपल्या पटावर करतो. दिनेशच्या पटाची भोकं सैल झाली होती. हात लागला की सोंगट्या पडायच्या, मग भांडण. "काकू, काकांचा पट तेवढ्यापुरता द्याल?" असं त्याने फोनवर विचारलं. माझ्या यजमानांनीच त्याला खेळ शिकवलेला. मी हो म्हणाले आणि नंतर दोन दिवस जेवण गेलं नाही.

कारण पटावर डाव होता. हे गेले तेव्हा अर्धा राहिलेला. खुंट्यांमुळे तो तसाच टिकला होता, आणि मी त्याला हात लावला नव्हता. पट द्यायचा म्हणजे तो डाव उपटायचा.

पट सोंगट्यांसकट तसाच डब्यात ठेवला, पिशवीत यांचं डावांचं पुस्तक घेतलं आणि निघाले. स्टेशनबाहेरून चारोटीची जीप मिळाली. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, डबा टपावर टाका."

"नको, मांडीवर राहू दे."

"मग दोन सीटचे पैसे."

"त्याला कुठे पाय आहेत लांब करायला?"

मागे कोणी तरी हसलं. शेजारच्या बाईने गुजरातीत विचारलं, "शुं छे बेन, मिठाई?" मी म्हटलं, बुद्धिबळ. तिचा विश्वास बसला नाही.

आशागड, गंजाड, पुढे चारोटी. तिथून तलासरीची एसटी. विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा नुकतीच उठली होती, रस्त्याच्या कडेला बांबू आणि फाटकी ताडपत्री पडलेली. मी खिडकीतूनच हात जोडले. उतरायचा उत्साह नव्हता. तुम्ही जाणार असाल तर उतरा, आणि सकाळीच, ताडगोळे ताजे असतात. पुढे महामार्गावर ट्रकच ट्रक. मी डब्यावर दोन्ही हात ठेवून बसले होते. जाण्यायेण्याचा खर्च शंभराच्या आसपास होतो.

दिनेशच्या अंगणात मांडव होता, खाली बाज. त्याची आई म्हणाली, "बस बाय, पानी पी आधी. वारा नाय आज."

मी डबा उघडून दिनेशसमोर ठेवला. "हा त्यांचा शेवटचा डाव," मी म्हटलं. "तू वाच. मग काढू."

माझी शाळा सातवीत सुटली. वाचायला खरी शिकले ती यांची दृष्टी गेल्यावर, पुस्तकातले डाव यांना वाचून दाखवता दाखवता. उभ्या ओळींना या खेळात नावं आहेत: आना, बेला, सेझार, डाविड, एव्हा. "कोणाची ही पोरं?" असं मी विचारायचे. पण मी फक्त वाचलं. खेळले कधीच नाही.

दिनेशची बोटं पटावर फिरली. थांबली. पुन्हा पहिल्यापासून फिरली.

"हरत होते का?" मी विचारलं.

"नाही, तसं नाही..."

"मग सांग ना तिला," आई म्हणाली. "एवढ्या उन्हाची आलीय ती."

"काकू, हा डाव नाहीये. पांढरं प्यादं पहिल्या ओळीत आहे. प्यादं मागे येत नाही. आणि दोन्ही राजे शेजारी शेजारी बसलेत. असं होऊच शकत नाही."

मला जरा वेळ लागला. मग आठवलं, हे गेले त्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं होतं. पट खाटेवरून उचलून कपाटावर कोणी ठेवला, मला माहीत नाही. सोंगट्या पडल्या असतील, आणि कोणा भल्या माणसाने उचलून दिसेल त्या भोकात बसवल्या असतील. मी दोन वर्षं त्याला जपत होते.

आई म्हणाली, "राजे शेजारी बसले, त्यात वाईट काय? गप्पा मारतील." दिनेश हसला. मला हसू आलं, आणि डोळेही पुसावे लागले.

"काढू का?" त्याने विचारलं.

"मी काढते."

एक एक खुंटी घट्ट बसली होती. अंगठा दुखला. नंतर त्याने सोंगट्या पहिल्यापासून मांडल्या आणि म्हणाला, पुस्तकातला एक डाव वाचा. मी वाचला. जेवायला नागलीची भाकरी आणि सुकट होती. दोन भाकऱ्या खाल्ल्या.

जूनमध्ये त्याचा स्पर्धेच्या ठिकाणाहून फोन आला. एकच डाव खेळायला मिळाला, तो हरला. संघही खालीच राहिला. "पण सोंगटी एकही पडली नाही," म्हणाला. परत आल्यावर पट आणून देऊ का, असंही विचारलं. मी म्हटलं, तुझ्याकडेच राहू दे, इथे कोण खेळतंय.

लोक विचारतात, बरं वाटलं का देऊन? खरं सांगायचं तर नाही. यांचा डाव कुठे थांबला होता, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. पण आता कपाटाजवळून जाताना मी बिचकत नाही. केर काढते, पुढे जाते.