धरण रजेवर होतं तेव्हाच्या रेघा

बाविसाव्या वर्षी मी फार शहाणी होते. इतकी, की धरणात पाणी किती चढलं हे धरणाला न विचारता सांगत असे.

खडकवासल्याच्या बाजूच्या एका कचेरीत मी कारकून होते. तिथल्या यंत्रात फिरत्या डब्याभोवती कागद गुंडाळलेला, त्यावर शाईची लेखणी पाण्याची पातळी रेखायची. आठवड्याला एक कागद. हवा दमट असली की शाई फुटून डाग पडायचे. ते कागद तसेच फायलीत जायचे. पण लेखणी सुकली तर कागद कोराच. मग साहेब सगळ्यांसमोर विचारायचे, "काय बाई, धरण या आठवड्यात रजेवर होतं का?"

दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा रेघ मीच काढली. थोडा चढ, थोडा उतार, शेवटी नाजूक वळण. साहेबांनी मुकाट्यानं सही केली आणि मी दिवसभर मोरासारखी वावरले. पुढं सवयच लागली.

आता नात नदीच्या पातळीवर पीएचडी करते. वारज्याच्या घरी तिनं मला तिचं सॉफ्टवेअर दाखवलं. आमच्याच कचेरीच्या स्कॅन केलेल्या जुन्या आलेखाच्या कडेच्या खुणा दाखवायच्या, रेघेवर क्लिक करायचं, की आकड्यांचा रकाना तयार.

"आजी, कोपऱ्यातल्या तारखेचं हे अक्षर तुझंच ना? काय क्लीन लाइन आहे! एका फटक्यात वाचली जाते."

"आणि डागांचे कागद?"

"रिजेक्ट. ते डागालाच रेघ समजतं गं. म्हणून स्कॅनच नाही केले."

"मग कुठायत ते?"

"स्कॅन झाल्यावर कचेरीनं सगळे मूळ कागद रद्दीत घातले."

म्हणजे पाण्यानं स्वतः लिहिलेलं बरंचसं रद्दीत, आणि मी लिहिलेलं दोन दशांश स्थळांपर्यंत अचूक!

मी खरं सांगितलं. ती हसली. "तू ना, काहीही!" जन्मभर थट्टा केल्याचं फळ. शेवटी विजेच्या बिलामागं पेन्सिलीनं एक रेघ काढून दाखवली. तिनं ती पाहिली, मग पडदा पाहिला. माउसवरचा हात काढून घेतला.

"तीन वर्षं झाली, आजी," ती म्हणाली. "यातल्या तुझ्या कुठल्या, यंत्राच्या कुठल्या, निदान तेवढं सांग."

मी चष्मा पुसला. ते वळण मी खऱ्या रेघांवरूनच तर उचललं होतं. ती एकेक आलेख उघडत राहिली. प्रत्येक सुंदर होता, आणि प्रत्येकाला मी म्हणत राहिले, "नाही गं ओळखता येत."