चार नखं

वरच्या फ्लॅटमध्ये पीओपीचं काम चाललंय. ओल्या प्लास्टरचा वास जिन्यात आला आणि मला वन्यजीव व्यवस्थापनाच्या शेवटच्या वर्षातली ती दुपार आठवली.

वारज्याच्या टेकडीवर मला बिबट्याच्या पावलाची खूण सापडली होती. तिच्यात प्लास्टर ओतून मी ठसा घेतला, तो वाळेपर्यंत उन्हात बसले. चार बोटं, नखं नाहीत. बिबट्या नखं आत ओढून चालतो, कुत्र्याला ते जमत नाही, हे सरांनीच शिकवलेलं.

त्या टेकडीवर इमारती होणार होत्या आणि तिथे कुठले प्राणी आहेत, याचा अहवाल सर लिहीत होते. त्यांनी ठसा निरखला. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. त्यांनी वाटीत चिमूटभर प्लास्टर कालवलं आणि प्रत्येक बोटापुढे एकेक नख चिकटवलं.

"कुत्रा लिहा," ते म्हणाले. "अहो, बिबट्याची हरकत असेल तर तो करेल की अर्ज!"

मी लिहिलं.

सरांना मी आजही माफ केलेलं नाही. ठसा मात्र शोकेसमध्ये जपून ठेवलाय. काल लेकीनं विचारलं, "आई, हा कुत्र्याचा पाय ना?"

मी "हो" म्हणाले.