धुळीला माफी

खुर्चीत बसण्याआधी ती पदराने खुर्ची पुसायची. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या खनिज कार्यालयात सकाळीच फडकं मारलेलं असे, तरीही. "सवय हाय, बाबूजी," म्हणायची. "घरीबी असंच करतो मी."

बैहर रस्त्याला तिचं छोटं क्रशर होतं, दगड फोडून गिट्टी, म्हणजे खडी, करणारं. ते चालवता चालवता तिचा नवरा खोकत खोकत गेला. फुप्फुसात दगडाची धूळ बसली होती. पुढे मशीन तिनेच चालवली.

सरकारने गिट्टीवर पर्यावरणाचा कर लावला, तेव्हा सगळे क्रशरवाले ओरडत कार्यालयात आले. ती एकटी मागे थांबली. गर्दी पांगल्यावर म्हणाली, "धूळ होते तं भराच लागन. अन् पाण्याचे फवारेबी लावू." लावलेही. तुम्ही पाहिले असते तर हसला असता. जुन्या नळ्यांना भोकं पाडून त्या पत्र्याला तारेने बांधलेल्या. पण धूळ खाली बसायची.

मग तिच्या क्रशरमागच्या टेकडीच्या पलीकडे रस्त्याच्या ठेकेदाराचं मोठं क्रशर उभं राहिलं. सरकारी काम, म्हणून त्याला करमाफी. उरलेली गिट्टी तो बाजारात स्वस्त विकू लागला. तिची गिऱ्हाइकं तिकडे गेली.

"त्याची धूळ काय सरकारी हाय?" तिने मला विचारलं.

मी हसलो. ती हसली नाही. "सांगा नं. वारं तं दोघायचीबी एकाच गावात नेते."

अर्ज मीच लिहून दिला. सुनावणीला ती धुतलेलं पांढरं लुगडं नेसून आली.

सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, "माई, आपको भी छूट चाहिए?"

"नहीं साहब. मेरेको छूट नहीं होना. उसको भी लगाओ."

साहेबांनी ते लिहून घेतलं. अर्ज मात्र फेटाळला गेला.

पावसाळ्याआधी तिने क्रशर विकलं. घेणारा तोच ठेकेदार. फवारे तेवढे त्याने काढून टाकले.

पुढे ती माफी रद्द झाली. तोवर रस्ता पुरा झाला होता. सांगायला मी तिच्या घरी गेलो. ती अंगणात तांदूळ निवडत होती.

"हौ का," म्हणाली. मग बराच वेळ खोकली. मी दिलेलं पाणी तिने बाजूला ठेवलं. "चहा घेता, भाऊ?"

चहा प्यालो. काय बोललो, आठवत नाही.

ती गेल्याचं मला कार्यालयातच कुणीतरी सांगितलं. मी मान हलवली आणि टेबलासमोर उभ्या असलेल्या माणसाला म्हटलं, "हं, बोला."