मासा काठाकडे वळला
मुलगी नेलपॉलिशच्या बाटल्या घेऊन बसली आणि तो गोडसर, झोंबणारा वास नाकात शिरला, तशी मला तळोज्याच्या कारखान्यांपुढची ती नदी आठवली. आम्ही मूळचे करावे गावचे, खाडीत मासेमारी करणारे. पण त्या सुट्टीत बाबांनी हौसेनं तंबू आणला आणि आम्हाला गोड्या पाण्यावर मुक्कामाला नेलं. दोन्ही काठांना गर्द झाडी, आणि गळ टाकला की मासा लागलाच. बाबा खूश होते. आईला मात्र तेच खटकत होतं. ‘एवरं मासं हायत, मंग एक पन बगला कसा नाय?’ हवेतला तसाच गोडसर वास घेत, बगळ्यांविना रिकामा काठ न्याहाळत ती म्हणाली. मासे ठेवायच्या बादलीतही तिनं घरून आणलेलंच पाणी ओतलं होतं. ‘तुला सगल्यातच खोट दिसते,’ बाबा हसले. ‘पयला मासा सोरला का?’ तिनं विचारलं. पहिला मासा पाण्याला परत द्यायचा, ही आमच्या घरची रीत. नादात बाबा तीच विसरले होते. त्यांनी बादलीतला वळवळणारा मासा उचलून अलगद नदीत सोडला आणि हात जोडले. मासा गर्रकन फिरला, परत काठाकडे आला आणि तोंड वर काढून ओल्या दगडावर चढायला धडपडू लागला. बाबांनी गळ गुंडाळला. ‘बाटली बंद कर गं,’ मी आता मुलीला म्हटलं. ‘अजून उघडलीच नाही, आई,’ ती म्हणाली, ‘वास खिडकीतून येतोय.’