सव्वीस खणांचं कपाट

वर्ना हुडाकच्या दुकानात हिवाळ्यात जी माणसं येत, त्यांतल्या निम्म्यांना शिवून घ्यायचं काहीच नसे. कुणी कोटाचं तुटलेलं बटण खिशात घालून यायचा आणि ते खिशातच ठेवून परत जायचा. पोर्ट हॅरोला ऑक्टोबर ते एप्रिल बेसबॉल नसतो. सरोवरावरून येणारं बर्फ असतं, आणि क्लब यंदा कुणाला घेणार हा प्रश्न असतो. या प्रश्नाचं उत्तर सगळ्या गावात सर्वांत आधी वर्नाला कळायचं, कारण गावच्या हेरन्स संघाच्या जर्सींवर खेळाडूंची नावं शिवायचं काम तिच्याकडे होतं. एकतीस वर्षं.

"काय वर्ना, आलं का काही?" दार उघडता उघडता पोस्टमन ऑरिन टिबेट्स विचारायचा.

"दार लाव आधी. थंडी आली."

एकतीस वर्षांत तिच्या तोंडून एवढंच आलं. लोकांनी लाडीगोडी लावून पाहिली, केक आणून पाहिले, तिच्या मशीनखालच्या चिंध्यांचे रंगसुद्धा तपासले. काही उपयोग झाला नाही.

काम मिळालं तेव्हा कागदावर काहीच लिहिलेलं नव्हतं. क्लबचा मालक म्हातारा ब्रॅन्डिट बरण्यांची झाकणं बनवायच्या कारखान्यातून उठून थेट तिच्या दुकानात आला होता. वर्तमानपत्रात गुंडाळलेली कापडी अक्षरं त्याने टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "बाई, तुम्हाला शिवता येतं हे मला दिसतंय. गप्प बसता येतं का?"

"थोरल्या भावाबरोबर राहते मी," वर्ना म्हणाली. "गप्प बसता आलं नसतं तर एव्हाना एकाचा खून झाला असता."

म्हातारा खो खो हसला. तिने दिलेले खसखशीच्या रोलचे दोन तुकडे उभ्या उभ्या खाऊन गेला. ठरलं ते एवढंच, आणि तेवढं तिला पुरेसं होतं.

ते दिवस वेगळे होते. म्हातारा दर डिसेंबरात एक तरी दणदणीत खेळाडू आणायचा, गावाला नाताळची भेट म्हणून. स्वतःची गाडी चालवत बर्फातून यायचा, अक्षरं द्यायचा आणि डोळा मारून जायचा. एका वर्षी तर अकरा अक्षरांच्या नावाचा पिचर, म्हणजे गोलंदाज, आणला. वर्नाला पाठीवर नाव कमानीसारखं वळवून बसवावं लागलं, तरी शेवटचं अक्षर काखेत गेलंच. त्या वर्षी हेरन्स अंतिम फेरीपर्यंत पोहोचले होते. हरले. पण हरण्यातही काय ऐट होती! साऱ्या गावाने आठवडाभर सुतक पाळलं आणि मग गाव पुढच्या डिसेंबरची वाट बघायला लागलं.

वर्नाचा भाऊ एमिल तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. ओतकामाच्या कारखान्यात लेथवर आयुष्य काढलं. लग्न त्यानेही केलं नाही, तिनेही नाही. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत दोघं राहत आणि उन्हाळाभर मैदानावर फर्स्ट बेसच्या मागच्या दोन खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसत. पहिल्याच हिवाळ्यात एमिलने तिला अक्षरांसाठी कपाट करून दिलं, खोक्यांच्या फळ्यांचं, सव्वीस खणांचं. लेथवरचा हा माणूस सुतारकामात मात्र यथातथाच. सरोवराच्या दमटपणाने फळ्या फुगल्या आणि प्रत्येक खणाला आपापला आवाज आला. एक धप्पकन उघडे, एक रडे, एक तीन झटके दिल्याशिवाय हलत नसे. "तुझ्यासारखंच आहे," वर्ना म्हणायची. "गप्प म्हणून बसत नाही."

एमिल म्हणजे गावातला सर्वांत मोठा चाहता आणि सर्वांत मोठा शिव्या देणारा. पण जर्सींची क्लबची निळी बॅग दारात आली की तो मुकाट्याने कोट चढवायचा आणि समोरच्या बेकरीत जाऊन बसायचा. वर्ना काम उरकून दारावरची पाटी उलटी करेपर्यंत परतायचा नाही. तिने कधी जा म्हटलं नव्हतं. "मला कळलं तर माझ्या तोंडून सुटणार," तो म्हणायचा. "मी ओळखून आहे मला."

म्हातारा गेला, मुलगा आला, मुलाने नातवाच्या हाती कारभार दिला. नातू शिकलेला. अक्षरं घेऊन येणं सोडाच, पण तो दुकानाच्या रस्त्यालाही कधी फिरकला नाही. दर जानेवारीत वर्तमानपत्रात त्याचा फोटो यायचा आणि खाली तेच ते वाक्य: घाईने खर्च करणार नाही, क्लबची आर्थिक लवचिकता जपायची आहे.

"लवचिकता चड्डीच्या इलॅस्टिकला शोभते," वर्ना म्हणायची. खेळाडूंबद्दल ती बोलत नसे. मालकांबद्दल न बोलण्याचं वचन तिने कुणाला दिलेलं नव्हतं.

"हेरन म्हणजे बगळाच शेवटी," ऑरिन म्हणायचा. "एका पायावर उभा, डोळे मिटलेले. मासे जातायत समोरून. तीस संघांनी मासे खाल्ले, आमचा बगळा ध्यानस्थ."

"आणि घेतलाच एखादा, तर नावसुद्धा आखूड बघून घेतात," एमिल म्हणायचा. "अक्षरं वाचतात ना!"

सगळे हसायचे. पण गेल्या दहा वर्षांत ते हसणं कडवट होत गेलं होतं. आधी हिवाळ्यात नवी नावं शिवावी लागायची, आता बहुतेक उसवावीच लागत. उसवलेली अक्षरं जपून खणात टाकायची आणि पुढच्या माणसाला तीच लावायची, असा क्लबचा हुकूम होता.

असा सगळा दुष्काळ, त्यात एकच हिरवं झाड होतं. वील्किन असेन्सिओ. विसाव्या वर्षी डॉमिनिकन रिपब्लिकमधून आला तेव्हा जर्सी खांद्यात ढगळ होते म्हणून स्वतः दुकानात आला होता. स्टुलावर उभा राहिला, मापं दिली, खसखशीचे तीन तुकडे खाल्ले आणि एमिलला त्यांच्याकडच्या आदराच्या रीतीने 'डोन एमिलियो' म्हणाला. पुढे अकरा वर्षं तो तेवीस नंबर घालून फर्स्ट बेसवर उभा होता, दोघा भावंडांच्या खुर्च्यांसमोर. डाव संपला की मागे वळून टोपीला हात लावायचा. एमिल म्हणायचा, "मला केला सलाम." वर्ना म्हणायची, "मला केला. खांदे कुणी आवळून दिले?"

यंदा त्याचा करार संपला होता. नातवाने सांगितलं, सर्व पर्याय खुले आहेत. हे वाचून एमिलने वर्तमानपत्र फाडलं आणि मग दुसरं आणायला ऑरिनला पाठवलं, कारण त्यात कोडं होतं.

जानेवारीतल्या त्या मंगळवारी गुडघाभर बर्फ होतं. क्लबचं सामानखानं सांभाळणारा, लेस नावाचा, बॅग घेऊन आला. एरवी बडबड्या माणूस, पण त्या दिवशी त्याने वर्नाच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. "चार आहेत. उसवायच्या. शुक्रवारपर्यंत," म्हणाला आणि गेला.

एमिल कोटाकडे निघाला, दोन पावलांत खोकल्याची उबळ आली आणि तो टेबल धरून उभा राहिला. कारखान्याच्या धुळीने त्याची फुप्फुसं खाल्ली होती. डॉक्टरांनी थंडीत बाहेर पडायचं नाही आणि जिने चढायचे नाहीत असं बजावलं होतं. पुढच्या हिवाळ्याचं विचारल्यावर डॉक्टर 'आधी उन्हाळा बघू' म्हणाले होते.

"कुठे निघालास?"

"बॅग आलीय."

"दिसतंय मला. बस खाली."

"वर्ने, नियम म्हणजे नियम."

"मग भिंतीकडे तोंड करून बस. लहानपणी शाळेत बसायचास तसा."

कुरकुरत एमिलने खुर्ची फिरवली आणि भिंतीलगतच्या हीटरकडे तोंड करून बसला. वर्नाने बॅग उघडली. तेवीस नंबर, चारही. नाव वाचायची गरज नव्हती, तिचेच टाके होते.

तिने टाके कापायची उसवणी घेतली. पहिलं अक्षर सुटलं. सवयीने उठून तिने ते खणात टाकलं. दुसरं सुटलं, ते त्याच्या खणात. एकेक अक्षर सुटं लावायची म्हाताऱ्याच्या वेळची पद्धत, त्यामुळे काढायचंही एकेकच. एक खण धप्पकन उघडला. एक रडला. एकाला तीन झटके द्यावे लागले. सातवं अक्षर टाकून ती वळली तेव्हा एमिलची पाठ तिला दिसली. पाठ नेहमी हलायची, श्वासाबरोबर. आता हलत नव्हती.

"वर्ने," तो भिंतीला म्हणाला, "तो वरच्या ओळीतला खण अजून अडकतो वाटतं."

"कुठला?"

"आत्ता तीन झटके दिलेस तो. साबण लावून देईन."

वर्नाच्या हातातली उसवणी खाली पडली. खण त्याने केले होते. एकेकाचा आवाज त्याला पाठ होता, आणि एकतीस वर्षांत ते आवाज लागोपाठ ऐकायला तो इथे कधी बसलाच नव्हता. आज बसला, आणि सात आवाजांचं नाव झालं.

"एमिल..."

"मी काही ऐकलं नाही. तू काही बोलली नाहीस. काम कर तुझं."

उरलेल्या तीन जर्सींची अक्षरं तिने ॲप्रनच्या खिशात टाकली. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरीही.

दुपारी ऑरिन आला. बूट आपटून बर्फ झाडलं आणि दारातूनच म्हणाला, "लेसची गाडी पाहिली मी! आणि हा म्हातारा आज आतच? काय रे, बेकरीवाल्याने हाकललं?"

"बर्फ आहे. भिंत बघत बसलो होतो," एमिल म्हणाला. "तुझ्या तोंडापेक्षा बरी आहे."

"ते असू दे. पैज राहिलीय आपली."

ही पैज दर जानेवारीची. क्लब काहीतरी चांगलं करेल यावर एमिल पैज लावायचा, करणार नाही यावर ऑरिन. वर्षभर शिव्या देणारा एमिल पैज मात्र नेहमी आशेवरच लावायचा. जो जिंकेल त्याला मोसमातल्या पहिल्या सामन्याला फर्स्ट बेसमागची खुर्ची, जो हरेल त्याला ऑरिनची वरची, खांबाआडची. सहा वर्षं एमिल ओळीने हरला होता. पण तेव्हा त्याला त्या वरच्या खुर्चीपर्यंतच्या शेहेचाळीस पायऱ्या चढता येत होत्या.

"यंदाची पैज साधी आहे," ऑरिन म्हणाला. "असेन्सिओ. राहणार की जाणार? मी म्हणतो जाणार. बोल."

वर्नाने मशीन थांबवलं. एमिल नाही म्हणाला असता, तर? आयुष्यात त्याने पैज नाकारली नव्हती. आज, बॅग आली त्या दिवशी, दुकानात बसून असताना नाकारली असती, तर ऑरिनला समजायला वेळ लागला नसता, आणि ऑरिनला समजलेलं टपालाबरोबर घरोघर पोचलं असतं. जाणार म्हणाला असता तरी तेच. एमिल हे सगळं ओळखून होता. तिला ते त्याच्या मानेवरून दिसत होतं.

"काय झालं, जीभ गोठली?" ऑरिन म्हणाला.

"राहणार," एमिल म्हणाला. "अकरा वर्षांचा माणूस असा सोडतात होय? गाढव आहेस तू. राहणार."

"खुर्ची गेली समज तुझी."

"बघू. हात दे."

दोघांनी हात मिळवले. वर्नाने मान खाली घातली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

शुक्रवारी असेन्सिओ गेल्याची बातमी फुटली. गाव पेटलं. क्लबच्या कचेरीसमोर बर्फात दोनशे माणसं जमली आणि त्यांनी दारावर जुन्या टोप्या टाकल्या, ढीग झाला. ऑरिन दुकानात आला तो रडवेला होऊन. जिंकल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर नावाला नव्हता. "तुला ठाऊक होतं, वर्ना?"

"दार लाव. थंडी आली."

मग तो एमिलकडे वळला. "खुर्ची राहू दे, यार. तुझा श्वास असा. पैज रद्द."

"सहा वर्षं माझी खुर्ची मजेत उबवलीस, आता दया आली?" एमिल म्हणाला. "पैज म्हणजे पैज. आणि मी पायऱ्या चढणार आहे, बघच."

तो चढणार नव्हता, हे एप्रिलमध्ये सगळ्यांना दिसलं. पहिल्या सामन्याच्या दिवशी वर्नाने आपलंही तिकीट ऑरिनच्या बायकोला देऊन टाकलं. दुकान बंद केलं, खसखशीचा रोल कापला आणि रेडिओ लावला.

"तू का नाही गेलीस?" एमिलने विचारलं.

"माझे सर्व पर्याय खुले होते."

तो हसला आणि खोकला, बराच वेळ. मग दोघं ऐकत बसली. स्टेडियम अर्धं रिकामं आहे असं निवेदक सांगत होता. फर्स्ट बेसवर नवा मुलगा होता, फे नावाचा. इंग्रजीत तीनच अक्षरं, आणि तीही नवी नव्हती. मधलं अक्षर असेन्सिओच्या नावातलं पहिलं होतं, वर्नाने त्या वरच्या खणातूनच काढलं होतं. खण या वेळी आवाज न करता उघडला होता. साबण लावलेला होता.

तिसऱ्या डावात फेने एक अवघड चेंडू जमिनीलगत झेप घेऊन अडवला. निवेदक ओरडला. एमिलने खुर्चीतून अंग पुढे काढलं.

"पालथा पडला ना तो? पूर्ण?"

"पडला असेल."

"मग टाके?" एमिल म्हणाला. "टाके नीट घातलेस ना गं? जुनी अक्षरं आहेत ती."

"दुहेरी घातलेत," वर्ना म्हणाली. "ऐक आता गप्प."