धुरांड्यावरचं झाकण

गावात तिला नावानं कोणी हाक मारत नसे. सगळ्यांची ती धुरांडेबाई. चुलीचा धूर भिंतीतून वर नेऊन छपराबाहेर सोडणाऱ्या विटांच्या चुली ती बांधायची. गवंडीकाम वडिलांकडून आलेलं, धुराशी वैर आईपायी. आई चुलीपुढे खोकत खोकत गेली. मागे राहिलेल्या दोघी बहिणींना मावशीनं वाढवलं, आणि पुढे तीही त्याच चुलीपुढे बसून तशीच खोकायला लागली. तेव्हा मोठीनं घण उचलला, जुनी चूल फोडली आणि नवी बांधून तिला धुरांडं काढलं. मावशीचा खोकला हळूहळू बसला. ही तिची पहिली चूल. तेव्हापासून कुणाच्याही घरी गेली की बाई आधी मान वर करून छत बघायची. काळं दिसलं की त्या घरच्यांची खैर नसे.

प्रत्येक धुरांड्याबरोबर ती पत्र्याचं एक झाकण द्यायची. चूल विझलेली असताना पाऊस आला तर वरून झाकायला. ते कधी ठेवायचं, कधी काढायचं, हे घरच्या बाईनं बघावं. त्यात हिनं कधी नाक खुपसलं नाही. चूल पेटलेली असताना धुरांडं झाकेल एवढं वेडं कोण असणार?

वडिलांचं घर धाकटीकडे होतं. धाकटी हुशार, गोड बोलणारी. शहरातले लोक मोकळ्या हवेसाठी पैसे मोजतात हे तिनं बरोबर हेरलं. चार खोल्या रंगवल्या, बाहेर ‘शुद्ध हवा, साधं जगणं’ अशी पाटी लावली आणि घराची पाहुण्यांची खानावळ करून टाकली. स्वयंपाकाला मावशी होतीच. मोठीला अभिमान वाटायचा. तिची पहिली चूल आता दूरदूरचे लोक बघून जात होते.

आणि ती चूल धुरकटायला लागली.

“ताई, तुझी चूल धूर ओकतेय गं,” धाकटीनं निरोप धाडला. “पाहुण्यांसमोर मान खाली घालावी लागते.”

धुरांडेबाई थापी घेऊन धावली. चूल पेटवली तर धूर सरळ वर. तिनं लाकडं बदलून पाहिली, वरून काजळी झाडली. काही नाही. आठवड्यानं पुन्हा निरोप. या वेळी तिनं चुलीचा गळाच, म्हणजे धूर धुरांड्यात नेणारी वाटच, फोडला आणि नव्यानं बांधला. चुन्यानं बोटं सोलवटली. धाकटीनं त्यांना तेल लावून दिलं आणि म्हणाली, “वय झालं ताई तुझं. होतं असं. हात चुकतो.”

ते वाक्य तिच्या डोक्यात घर करून बसलं. नवरा म्हणाला, “चूल राहू दे, आधी आपल्या घरात काहीतरी शिजव.” तिला हसूही आलं नाही. तेवढ्यात वसतिगृहाच्या शाळेचं काम फिसकटलं. शंभर मुलींच्या स्वयंपाकघराचं काम, वर्षभर तिनं त्यासाठी खेटे घातलेले. मुख्याध्यापिका स्पष्ट बोलल्या, “बाई, मी तुमच्या बहिणीकडे जेवायला गेले होते. डोळे चोळतच बाहेर आले. तिथं ही गत असेल तर मुलींना तुमच्या भरवशावर कशी ठेवू?”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई निरोपाबिरोपाशिवाय बहिणीच्या घरी निघाली. डोळ्यांसमोर धूर दिसल्याशिवाय आपली चूक कळायची नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

स्वयंपाकघराच्या दारात पाहुण्यांची गर्दी होती. आत धूर कोंडलेला, खिडकीतून उन्हाची तिरीप त्यात उतरलेली, आणि त्या तिरिपेत मावशी भाकरी थापत, खोकत बसलेली. पाहुणे फोटो काढत होते.

“आजी, जरा इकडे बघा. हां, अश्शा!”

बाई तशीच मागे फिरली. शिडी लावून छपरावर चढली. धुरांड्यावर तिचंच झाकण होतं. अर्ध्यावर सरकवलेलं, खाली विटेची पाचर. तिच्या हातानं कापलेला पत्रा, तिनंच ठोकलेली मूठ. मुठीला तार बांधलेली आणि तार भिंतीवरून खाली परसात उतरलेली. ओढली की उघडलं, सोडली की अर्धं झाकलं. काम नीटनेटकं होतं. वडिलांच्या दोन्ही मुलींच्या हातात कसब होतं, नाही म्हणायचं कारण नाही.

तिनं तार तोडली, झाकण काढलं. खालून आवाज आला, “अरे, धूर गेला!”

धाकटी परसात धावत आली. पाहुण्यांपुढचं हसू अजून तोंडावर होतं.

“ताई, तू? आधी कळवायचंस ना.”

“म्हणजे तार सोडवून ठेवली असतीस.”

धाकटीनं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाली, “हळू बोल. पाहुण्यांना धूर लागतो, मी काय करू? धूर नसला तर चूल त्यांना खोटी वाटते. फोटोत काही दिसत नाही.”

“आणि माझ्या हातून गळा फोडून घेतलास तो?”

“धुराचं तुझ्या कानावर आलंच असतं. तू माझ्यावर संशय घेऊ नयेस म्हणून मीच आधी तक्रार केली. सांगितलं असतं तर तू करू दिलं असतंस का?”

“माझी बोटं सोलली तेव्हा तेल लावलंस गं तू.”

धाकटी वाकून तुटलेली तार गोळा करायला लागली.

बाई आत गेली. मावशीचा हात धरला. “चल माझ्याकडे. ऊठ.”

मावशीनं हात सोडवून घेतला. “मला ठाऊक होतं, पोरी.”

“काय ठाऊक होतं?”

“झाकणाचं. तिच्या पोटावर पाय कशाला आणायचा? खोकल्याची मला सवय आहे.”

ज्या छातीसाठी पहिली चूल बांधली, ती छातीच उलटली. बहिणीनं केसानं गळा कापला तो कापलाच, पण हे तिच्या जिव्हारी लागलं. ती झाकण काखेत मारून निघाली ती थेट शाळेत. मुख्याध्यापिकांच्या टेबलावर झाकण ठेवलं.

“धूर यानं होत होता. चूल चांगली आहे. माणूस पाठवून बघून घ्या.”

“पण हे ठेवलं कुणी?”

“घरच्यांनी,” एवढंच ती म्हणाली. मुख्याध्यापिकांनी माणूस पाठवला. काम तिलाच मिळालं.

शाळेच्या धुरांड्यावर तिनं विटांचे चार खांब उभारले आणि त्यावर फरशी पक्की बसवली. पाऊस आत येणार नाही, धूर चारी बाजूंनी जाईल, आणि कुणाला काही सरकवता येणार नाही. स्वयंपाकीणबाई खालून ओरडली, “बाई, ते तुमचं उघडझाक करायचं झाकण नाही का देणार?”

“नाही,” धुरांडेबाई वरूनच म्हणाली. “ते मी आता कुणालाच देत नाही.”

धाकटीनं तांबटाकडून नवं झाकण करून घेतल्याचं तिच्या कानावर आलं. त्या घराकडे ती पुन्हा फिरकली नाही. पण बाजाराला जाताना रस्ता त्याच परसामागून जातो, आणि मावशीचा खोकला भिंतीबाहेर ऐकू येतो.