माहेरचा आगवाला

लग्नाला पाच वर्षं झाली होती तरी आत्याबाईंसमोर, म्हणजे माझ्या सासूबाईंसमोर, मी यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. खोली एकच असल्यामुळे हे घरी असताना आत्याबाई कायम समोरच असत. आमचा संसार मुख्यतः न बोलताच चालला होता, आणि चांगला चालला होता असंच म्हणायला हवं. अडचण आली ती परीक्षेमुळे.

हे सिंदीला कापसाच्या एका जिनात बॉयलरवर आगवाले होते. कोळसा टाकायचा, पाणी बघायचं, वाफेच्या काट्यावर नजर ठेवायची. सर्टिफिकेट म्हाताऱ्या मिस्त्रींचं होतं, काम हे करत. त्या वर्षी मिस्त्रींची नजर गेली आणि त्यांनी काम सोडलं. शेठजींनी यांना सांगितलं, दसऱ्याच्या आत नागपूरला जाऊन बॉयलरची परीक्षा पास व्हा, नाही तर कामठीचा एक सर्टिफिकेटवाला माणूस तयार आहे. आमची खोली जिनाच्या आवारातली, बॉयलरवाल्याची म्हणून मिळालेली. परीक्षा गेली की बॉयलर गेला आणि बॉयलर गेला की खोली गेली, एवढं चौथी शिकलेल्या बाईलाही समजत होतं.

परीक्षा तोंडी होती. हे एक बरं होतं, कारण हे दुसरीतून उठलेले आणि त्यांचं अक्षर सहीच्या पुढे गेलेलं नव्हतं. पण यांचं तोंडही सहीपुरतंच चालायचं. मिस्त्रींनी आपलं जुनं पुस्तक दिलं. सवाल-जवाबाचं, हिंदीतलं, पानापानावर कोळशाची बोटं उमटलेलं. घरात वाचता येणारी मी एकटी. म्हणजे यांना शिकवायचंही मी आणि यांच्याशी बोलायचंही नाही मीच.

यातून वाट आत्याबाईंनीच काढली. त्या मधोमध पाट टाकून बसल्या. मी चुलीजवळ भिंतीकडे तोंड करून हिंदी सवाल वाचायची, मग तो आपल्या बोलीत आत्याबाईंना सांगायची. त्या तो दाराजवळ बसलेल्या यांना विचारायच्या. जवाब त्याच रस्त्याने परत यायचा.

"काटा कायले रायते रे बायलरले?"

"वाफेचा जोर पाहाले, माय."

"बरोबर हाय का वो?" हे मला.

मी मान हलवायची.

"असनच. माह्या पोटचा हाय."

जवाब चुकला तर आत्याबाई मला म्हणायच्या, "तूच उलटं वाचलं असन. पुन्हा पाह्य." मी पुन्हा बघायची. यांना तेवढ्यात आठवून जायचं. असा अर्धा पावसाळा गेला. जिन बंद होता, अभ्यास जोरात होता, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या आत्याबाई परीक्षा घेण्यात इतक्या तयार झाल्या की शेजारणींना बॉयलरमध्ये पाणी कुठून जातं ते विचारू लागल्या.

मग पुस्तकाचा दुसरा भाग सुरू झाला. मी पहिला सवाल वाचला आणि सांगितला, "आत्याबाई, विचारा, बॉयलर कशाकशानं फुटतो?"

आत्याबाई काही विचारेनात. माझ्याकडे वळल्या.

"दिवे लागनीच्या वक्ती काय बोलून राह्यली तू?"

"पुस्तकात आहे."

"ज्यानं पुस्तक लिवलं त्याच्या घरी फुटो. माह्या लेकाचा बायलर काऊन फुटन?"

मी दुसरा सवाल काढला. त्यात पाणी आटत होतं. तिसऱ्यात वाफ कोंडत होती, चौथ्यात माणूस भाजत होता. पुढची सगळी पानं तशीच. आत्याबाईंनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, पुढच्या पानांना दोऱ्याने घट्ट बांधलं आणि म्हणाल्या, "एवढं पुरे झालं. तो काही फोडाले नाई चालला, चालवाले चालला हाय."

 आईचा शब्द मोडणं यांच्यात नव्हतं. पण दोन दिवसांनी मिस्त्रींना भेटून आले आणि जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, "मिस्त्री म्हनते, माय, साहेब पहिला सवाल फुटन्याचाच इचारते. बाकीचं तं हमालालेही येते म्हने."

"मिस्त्री आंधळा झाला हाय," आत्याबाई म्हणाल्या आणि यांना आणखी भाकर वाढली.

माझी झोप उडाली. तो दोरा सोडून पानं वाचणं मला कठीण नव्हतं. दुपारी आत्याबाई देवळात आणि हे बॉयलर घासायला जायचे, तेव्हा मी ती सगळी वाचून काढली. पण माझ्या डोक्यात गेलेलं यांच्या डोक्यात जाणार कसं? अशुभ बोलणं आत्याबाईंच्या दारातून पुढे सरकत नव्हतं. निदान आपल्या माणसांबद्दलचं. दुसऱ्याचं अशुभ त्यांना फार आवडायचं, हे माझ्या पाच वर्षं लक्षात होतं, उपयोग त्या दिवशी सुचला.

माझं माहेर अल्लीपूरकडचं, लहानसं खेडं. माहेरच्या लोकांबद्दल आत्याबाईंचं मत लग्नातल्या वरणापासून वाईट होतं. त्या आठवड्यात माझ्या भावाचं कार्ड आलं. सगळे खुशाल, गाय व्याली, एवढंच होतं त्यात. हे जेवायला बसले तेव्हा मी ते मोठ्याने वाचायला घेतलं. गाईपाशी थांबले नाही. वाचत गेले, की आपल्या गावाबाहेर यंदा नवीन जिन निघाला आहे, आणि तिथल्या आगवाल्याने काय केलं, तर पाणी दाखवणाऱ्या काचेत पाणी दिसेना म्हणून घाबरून एकदम पंप लावला.

"मंग?" आत्याबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"मग काय, तापलेल्या पत्र्यावर थंड पाणी पडलं. पत्र्यांची शिवण उकलली. वाफ त्याच्या हातावर आली."

"अवं माय! त्याले समजत नाई का? मंग काय कराव लागत होतं?"

"कार्डात लिहिलं आहे, पंप लावायचा नव्हता. आगीवर ओली राख टाकून ती दाबायची होती, हवा अडवणारा डँपर बंद करायचा होता, आणि बॉयलर आपोआप थंड होऊ द्यायचा होता."

आत्याबाई यांच्याकडे वळल्या. "ऐकलं का रे? पंप नाई लावाचा. पहिले राख. तिच्या माहेरचे लोक असेच हायेत, एकाले अक्कल नाई."

हे जेवायचे थांबले होते. "पन माय, आधी काचेच्या तोट्या उघडून पाहाव्या लागते. कचरा अडकला असन तं पानी असूनही दिसत नाई."

"नाही पाहिल्या त्यानं," मी आत्याबाईंना सांगितलं.

त्या दिवसापासून माझ्या माहेरच्या आगवाल्याला उसंत मिळाली नाही. भाऊ दर आठवड्याला कार्ड लिहिणारा नव्हता, म्हणून बाजाराच्या दिवशी मला तिकडचं कोणी ना कोणी भेटू लागलं. वाफ वाया जाते म्हणून त्याने जादा वाफ सोडणाऱ्या सेफ्टी झडपेच्या दांडीवर वीट ठेवली. पाणी आटलं की वितळून इशारा देणारं शिशाचं बूच वितळलं, तर त्याजागी लाकूड ठोकलं. बॉयलर निवायच्या आधीच साफ करायला आत शिरला. पुस्तकातला एकही अपघात मी त्याला चुकवू दिला नाही. आत्याबाई संध्याकाळ होण्याची वाट बघू लागल्या. चूक त्याची, दुरुस्ती यांची, आणि शेवटी आत्याबाईंचा हुकूम, "तू असं करजो नोको." हे कधी नव्हे ते भरभरून बोलायचे. मला आनंद व्हायचा आणि वाईटही वाटायचं. पाच वर्षं मी माहेरची बाजू मनातल्या मनात का होईना राखली होती. आता माझ्याच तोंडाने सगळं गाव मूर्ख ठरत होतं.

परीक्षेच्या दिवशी आत्याबाईंनी यांच्या हातावर दही ठेवलं. सकाळच्या गाडीने हे नागपूरला गेले, संध्याकाळच्या गाडीने आले आणि पाय न धुताच दारात बसले.

"काय झालं रे?"

"सगळं सांगतलं, माय. साहेबानं पहिलाच सवाल तो टाकला. काचेत पानी दिसत नाई, काय करशील? मी म्हनलं, तोट्या पाह्यतो. पानी खरंच नसन तं पंप नाई लावत, ओली राख टाकतो. साहेब म्हने, शाबास. पंप लावला तं काय होते? मी म्हनलं, अल्लीपूरकडे झालं तसं होते, साहेब."

"बरोबर सांगतलं."

"साहेबानं पेन खाली ठेवला. म्हने, कुठं झालं? कधी झालं? अपघात झाला तं आमाले कळवाचा कायदा हाय. मंग मी सगळंच सांगतलं. वीट, लाकूड, सगळं. त्यानं रजिस्टर काढलं. म्हने, त्या गावात तं बायलरच नाई. म्हंजे चोरून चालवून राह्यले."

"धरा म्हना त्याले," आत्याबाई म्हणाल्या.

"तेच म्हनते तो. आठ-दहा दिवसात पोलीस घेऊन जातो म्हने. माहे जवाब सगळे बरोबर हायेत, पन कागद थांबवला. तिथं बायलर निंघाला तं सर्टिफिकेट. नाई निंघाला तं साहेबासमोर खोटं बोलला म्हनून पुन्हा परीक्षेले बसू देत नाई."

आत्याबाई खूश होत्या. बॉयलर निघणारच होता, त्यांनी त्याबद्दल महिनाभर ऐकलं होतं. मी चुलीपाशी उभी होते.  आत्याबाईंना सांगायचं आणि त्यांनी यांना विचारायचं, एवढा वेळ आता नव्हता आणि ही गोष्ट आत्याबाई पुढे पोचवणारही नव्हत्या. मी भिंतीकडून तोंड वळवलं.

"अहो," मी म्हटलं, "तिथे जिन नाही."

दोघंही माझ्याकडे बघू लागले.

"बॉयलर नाही. मी मनानं सांगत होते. पुस्तकातलं."

आधी आत्याबाई ओरडल्या. "लाज नाई वाटत? माह्यासमोर नवऱ्याशी बोलून राह्यली!"

हे मात्र ते ऐकतच नव्हते. यांनी मला सरळ विचारलं, "वीट ठेवली तो?"

"नाही."

"लाकूड ठोकलं तो?"

"तो तोच होता. म्हणजे तोही नव्हता."

"मले तं त्याची कीव येत होती," हे म्हणाले. "नागपुराहून येताना गाडीत तेच मनात होतं, आपल्या बोलन्यानं गरिबाची नोकरी जाईन."

दुसऱ्या दिवशी हे पोस्टातून कार्ड घेऊन आले आणि माझ्यापुढे ठेवलं. मी तोपर्यंत भावाशिवाय कोणाला पत्र लिहिलं नव्हतं. लिहिलं ते असं: साहेबांस नमस्कार. त्या गावी जिन नाही, बॉयलर नाही, आगवाला नाही, भाजलेला हातही नाही. घरात अभ्यास व्हावा म्हणून मी सर्व रचून सांगितले. उमेदवारास हे माहीत नव्हते. त्याने जवाब दिले ते मात्र त्याचे स्वतःचे आहेत. सही करायची वेळ आली तेव्हा अडले. अमक्याची बायको असं लिहायचं तर यांचं नाव आलं, आणि नाव घ्यायचं नसतं तसं लिहायचंही नसतं की काय, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मग परीक्षेच्या पावतीवर यांचा नंबर होता तो घातला आणि पुढे लिहिलं, यांच्या घरून.

आत्याबाईंनी ते कार्ड टाकायला विरोध केला नाही, पण विश्वासही ठेवला नाही. "माहेरचा हाय म्हनून झाकते," एवढंच त्या शेजारणीला म्हणाल्या.

आठ दिवस गेले, पंधरा गेले. शेठजींचा मुनीम येऊन विचारून गेला. एकदा कामठीचा माणूसही आला. बॉयलर बघितला, मग आमच्या दारात उभा राहून खोली बघितली, आणि आपली बाज या भिंतीला बसेल की त्या, ते वितीने मोजून गेला. आत्याबाईंनी त्याला चहा दिला, कारण तो पाहुणा होता. तो गेल्यावर त्यांनी कप दोनदा घासला.

दसऱ्याला चार दिवस होते तेव्हा शेठजींच्या गादीवर नागपूरचं पाकीट आलं. हे ते घेऊन आले आणि या वेळी आईच्या हातात न देता माझ्या हातात दिलं. आत सर्टिफिकेट होतं. मी पाकीट झटकून पाहिलं, उलटं करून पाहिलं. माझ्या कार्डाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. साहेबाला कामं असतात.

दसऱ्याला बॉयलरची पूजा झाली आणि भोंगा वाजला. भाऊबीजेला माझा भाऊ मला भेटायला आला. खोली तीच होती, सर्टिफिकेट भिंतीला होतं. आत्याबाईंनी त्याला ते दाखवलं, पाटावर बसवलं, करंजी वाढली आणि विचारलं, "तो तुमचा आगवाला कसा हाय आता?"

भावाने चुलीपाशी उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. मला खूण करायलाही सुचेना. बहिणीच्या सासूला नाही म्हणायचं नसतं, एवढं मात्र आमच्या घरी सगळ्यांनाच शिकवलेलं.

"बरा हाय जी," तो म्हणाला.

"आन् हात?"

"हातही बरा हाय."

आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "घे! म्हने तिथं कोनी नाई."

हे उठले. भोंग्याला अजून बराच वेळ होता, तरी बॉयलर बघून येतो म्हणाले आणि बाहेर पडले. जिनाच्या पलीकडून त्यांच्या हसण्याचा आवाज आला, तेव्हा आत्याबाईंनी मला विचारलं, "काऊन हासून राह्यला वो तो?" मी म्हटलं, "माहीत नाही, आत्याबाई," आणि भावाला दुसरी करंजी वाढली.